कागद ठेवला होता, पण कुठे? संगणकावरच्या घरगुती दप्तराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

याला संगणकातलं कळतं असा एकदा बोभाटा झाला की लोक दोनच गोष्टी विचारायला येतात: प्रिंटर का चालत नाही, आणि अमुक कागद कुठे गेला. प्रिंटरचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं इतक्या वेळा देऊन झाली आहेत की आता ती एकदाची लिहूनच काढतो.

पेटीभर कागद साठले आहेत. सुरुवात कुठून करू?

आज हातात आलेल्या कागदापासून. जुनी पेटी आधी उपसायला घेणारे बहुतेक जण तिसऱ्या दिवशी थांबतात, कारण मध्येच जुनी पत्रं निघतात आणि मग ती वाचत बसणं होतं. पेटी राहू द्या तशीच. तिच्यातला एखादा कागद कामासाठी बाहेर काढावाच लागला, तर परत ठेवण्याआधी तेवढा स्कॅन करा. वर्षभरात खरोखर लागणारे कागद असे आपसूक संगणकात येतात. जे आले नाहीत त्यांची घाई नव्हतीच.

अपवाद वीसेक कागदांचा. पासपोर्ट, जन्माचे नि लग्नाचे दाखले, पदव्या, घराचे दस्त, विम्याच्या पॉलिसी, इच्छापत्र, शस्त्रक्रियेचे कागद, रोजच्या औषधांची चिठ्ठी. हे एका बैठकीत उरकून टाका. त्यांच्याही आधी नंबर लावायचा तो चकचकीत पातळ कागदावरच्या पावत्यांचा. त्या थर्मल कागदावर असतात. तिथे शाई नसते, उष्णतेने काळा पडणारा लेप असतो आणि उजेडात, उन्हात किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात तो फिका पडत जातो. हमीची मुदत संपायच्या आत पावती कोरी झालेली मी बघितली आहे.

फाइलला नाव काय द्यावं?

माझ्या मते या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

नाव देताना आपण कागदाकडे बघत असतो. शोधताना मात्र कागद समोर नसतो, समोर अडचण असते. फ्रिज बंद पडला आहे, पाहुणे यायचे आहेत आणि हमीची पावती हवी आहे. त्या क्षणी तुम्ही "फ्रिज" टाइप करणार. पावतीवर मोठ्या अक्षरात दुकानाचं नाव आहे, खाली "टॅक्स इन्व्हॉइस" आहे आणि फ्रिज हा शब्द कुठेच नाही, फक्त मॉडेलचा क्रमांक आहे. म्हणून नाव देताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हा कागद मला कधी लागेल, आणि तेव्हा माझ्या तोंडून कोणता शब्द निघेल? तो शब्द नावात हवाच.

माझा साचा असा आहे: तारीख, कुणाचा किंवा कशाचा, काय आहे. उदाहरणार्थ:

२०२४-०३-१५ फ्रिज खरेदी पावती हमी
२०२३-११-०२ आई रक्ततपासणी रिपोर्ट
२०२२-०६-०१ घरभाडे करार सही झालेला

तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. हा क्रम आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातला, १९८८ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेला. त्याची गंमत अशी की संगणक नावं डावीकडून अक्षराअक्षराने लावतो, त्यामुळे अकारविल्हे लावलेली यादी आपोआप कालक्रमाने लागते. दिवस आधी लिहिलात तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतील, आणि तशी यादी कुणालाच नको असते. एक आकडी महिन्याआधी शून्य लावायला विसरू नका, नाहीतर बऱ्याच ठिकाणी ऑक्टोबर फेब्रुवारीच्या आधी येऊन बसतो.

"फाइल बदलल्याची तारीख संगणकाला माहीत असतेच की," असं बरेच जण म्हणतात. असते, पण ती फाइलची तारीख, कागदाची नाही. नवीन संगणकावर कॉपी करताना, ईमेलमधून उतरवताना, झिप उघडताना ती बदलू शकते. नावात लिहिलेली तारीख तुम्ही स्वतः बदलेपर्यंत हलत नाही.

आणखी बारीकसारीक. विंडोजमध्ये तिरकी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण, कोनी कंस आणि उभी रेघ नावात चालत नाहीत, म्हणून तारखेत छोटी आडवी रेघच घ्या. "अंतिम", "अंतिम खरं", "अंतिम खरं २" ही मालिका सगळ्यांना ओळखीची आहे. त्याऐवजी "मसुदा १", "मसुदा २" असं चालवा आणि "सही झालेला" हे शब्द फक्त सही झालेल्या प्रतीसाठी राखून ठेवा. स्कॅनरने दिलेलं "स्कॅन ००४७" हे नाव कधीही तसंच सोडू नका. अशा शंभर फाइली म्हणजे तुमची जुनी पेटीच, फक्त आता तिला झाकणही नाही.

नाव मराठीत लिहावं की इंग्रजीत?

ज्या भाषेत शब्द आधी सुचतो त्या भाषेत. माझ्या डोक्यात "विमा" येतो, "इन्शुरन्स" नाही. तुमचं उलट असेल तर उलट. एकाच गोष्टीला कधी हे, कधी ते असं मात्र करू नका.

मराठीत नावं ठेवायला आज काही अडचण नाही, पण तीन खाचा ठाऊक असलेल्या बऱ्या.

पहिली खाच "ॲ"ची. "ॲडमिशन" हा शब्द दोन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. एका तऱ्हेत "ॲ" हे एकच चिन्ह, जे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना एकेक ठरलेला क्रमांक देणाऱ्या मानकात, २००८ साली आलं. दुसऱ्या तऱ्हेत "अ" आणि त्यावर वेगळी चंद्रखूण. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द. फोनच्या कीबोर्डने एक लिहिलं आणि संगणकाच्या कीबोर्डने दुसरं, तर शोधाला काहीच लागत नाही आणि आपण डोळे चोळत बसतो. "ऱ्हास", "दुसऱ्या" यांतल्या अर्ध्या र चंही असंच, तोही दोन रीतींनी लिहिता येतो. उपाय साधा आहे. शोधताना शब्दाचा निर्विवाद तुकडाच टाइप करा. "ॲडमिशन"ऐवजी "डमिशन". विचित्र दिसतं, पण सापडतं.

दुसरी खाच आकड्यांची. काही फाइलींच्या नावात २०२४ देवनागरी आकड्यांत आणि काहींच्या इंग्रजी आकड्यांत असेल, तर एका रीतीने केलेला शोध दुसरी रीत बहुधा पकडत नाही आणि यादीचा क्रमही बिघडू शकतो. हे पान मराठी असल्यामुळे इथे सगळे आकडे देवनागरीत आहेत. प्रत्यक्ष फाइलींच्या नावांत मी तारीख इंग्रजी आकड्यांत लिहितो, कारण स्कॅनर, कॅमेरा नि बाहेरून येणाऱ्या फाइली त्याच आकड्यांत तारीख टाकतात.

तिसरी खाच लांबीची. साठवणुकीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, पायमोडका हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. "प्रमाणपत्र" दिसायला पाच अक्षरं, मोजायला दहा चिन्हं, म्हणजे तीस बाइट. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे फक्त ८५ चिन्हं. घरातल्या बऱ्याच साठवणूक-पेट्या, ज्यांना नॅस म्हणतात, आतून लिनक्सवरच चालतात. विंडोजवर छान राहिलेली लांबलचक मराठी नावं तिथे कॉपी होत नाहीत ती यामुळे. विंडोजचंही एक वेगळं दुखणं आहे. फोल्डरांसकट पूर्ण पत्ता २६० चिन्हांच्या पुढे गेला की बरेच जुने प्रोग्रॅम अडखळतात.

जुन्या मराठी फाइली उघडतात, पण शोधात कधीच येत नाहीत. का?

त्या बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत: श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी वगैरे. त्या काळात फाइलीत प्रत्यक्ष रोमन अक्षरंच साठवली जायची आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवायचा. फॉन्ट काढून टाकला की "अर्ज" या शब्दाच्या जागी रोमन अक्षरांची गिचमिड उरते, आणि शोधणाऱ्या प्रोग्रॅमला कायम ती गिचमिडच दिसत असते.

तो फॉन्ट अजून संगणकावर असेल तर पहिलं काम म्हणजे फाइल पीडीएफ करून ठेवणं, म्हणजे निदान दिसणं तरी शाबूत राहील. मग फॉन्ट-परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांखालून घाला, तिथे हमखास चुका होतात. एका पानाचाच मजकूर असेल तर पुन्हा टाइप केलेला बरा. आणि नुसतं सापडण्यापुरतंच हवं असेल, तर काहीच बदलू नका. फाइलला युनिकोडमध्ये चांगलं नाव द्या, भागलं.

फोल्डर किती नि कसे करावेत?

कमी. वर आठ-दहा, त्यांच्या आत एक पातळी, बस्स. माझे वरचे असे आहेत: ओळख, घर, पैसे, आरोग्य, शिक्षण, नोकरी, वाहन, वस्तू आणि हमी. शिवाय एक "आवक", ज्यात नवीन सगळं आधी येऊन पडतं.

थॉमस मॅलोन यांनी १९८३ साली लोक ऑफिसातली टेबलं कशी लावतात याचा अभ्यास केला. काही जण फायली लावतात, काही जण ढीग करतात. त्यांनी नोंदवलेली महत्त्वाची गोष्ट अशी की वर्गवारी करणं हे डोक्याला त्रास देणारं काम आहे. हा कागद नेमका कुठे बसतो, हे ठरवता येत नाही म्हणून तो ढिगात राहतो. आणि ढीग अगदीच निरुपयोगी नसतो, डोळ्यांसमोर राहून तो कामाची आठवण देतो.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, फोल्डर जितके जास्त तितकं ठरवणं अवघड. गाडीचा विमा "वाहन"मध्ये की "विमा"मध्ये? माझं उत्तर: वस्तू जिथे, तिचे कागद तिथे. म्हणून वर "विमा" नावाचा फोल्डरच नाही, आणि वादही नाही. दोन, ढिगाला मान द्या. "आवक" हा ढीगच आहे, आणि तो डेस्कटॉपवर समोर दिसतो.

"इतर" नावाचा फोल्डर करू नका. तो सहा महिन्यांत सगळ्यात मोठा होतो. रिकामे फोल्डर आधीच करून ठेवायचीही हौस नको. एका विषयाचे चार-पाच कागद जमले की फोल्डर करावा, तोपर्यंत ते वरच्या फोल्डरात सुटे राहिले तरी काही बिघडत नाही.

शोध इतका चांगला झाला आहे, मग फोल्डर हवेतच कशाला?

प्रश्न रास्त आहे. २०११ साली आयबीएमच्या संशोधकांनी ३४५ लोक आपले जुने ईमेल कसे शोधतात हे तपासलं. मेल नेमाने फोल्डरांत लावणारे इतरांपेक्षा काही जास्त यशस्वी ठरले नाहीत, उलट फोल्डर उघडून शोधण्यात वेळ जास्त गेला. ईमेलपुरतं मी हे शंभर टक्के मानतो. मेल लावत बसू नका.

फाइलींचं वेगळं आहे. मेलला पाठवणाऱ्याचं नाव, विषय, तारीख आणि सगळा मजकूर जन्मतःच चिकटलेला असतो. स्कॅन केलेला कागद म्हणजे नुसतं चित्र, त्याला तुम्ही काही जोडलं तरच काही आहे. शिवाय फोल्डर नुसता शोधण्यासाठी नसतो, गठ्ठा उचलून देण्यासाठीही असतो. डॉक्टर बदलताना आईचे सगळे रिपोर्ट एकदम हवे असतात. तिथे शोध एकेक करून देतो, फोल्डर गठ्ठा देतो.

शोध प्रत्यक्षात कसा चालतो? कधीकधी समोर असलेली फाइलही तो दाखवत नाही.

तो प्रत्येक वेळी सगळ्या फाइली उघडून बघत नाही. त्याने आधीच एक सूची करून ठेवलेली असते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी: हा शब्द, या या फाइलींत. मॅकवरचा स्पॉटलाइट २००५ पासून हेच करतो, विंडोजचा शोधही असाच. सूचीत नसलेलं त्याला दिसत नाही. म्हणून फाइल बाहेरच्या डिस्कवर असेल, सूचीतून वगळलेल्या फोल्डरात असेल किंवा फक्त क्लाउडवर असून संगणकावर तिची नुसती खूणच असेल, तर आतला मजकूर बहुधा शोधात येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन तुमचा मुख्य फोल्डर सूचीत धरला आहे ना, हे एकदा बघा. विंडोजवर नुसत्या नावावरून शोधायचं असेल तर एव्हरीथिंग नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे, टाइप करता करता यादी गाळत जातो.

स्कॅनर घ्यावा की फोन पुरे?

रोजच्या कामाला फोन पुरतो, पण कॅमेऱ्याने नुसता फोटो काढू नका, स्कॅन करणारं ॲप वापरा. ते कडा ओळखून पान सरळ करतं, सावली काढतं आणि अनेक पानांची एकच पीडीएफ देतं. पन्नास पानांचा दस्त असेल तर मात्र कागद ओढून घेणारा स्कॅनर हवा, नाहीतर पाठ जाते.

स्कॅनरवर ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० बिंदू, ठेवा. ए-४ पानाचं त्यात २४८० बाय ३५०८ बिंदूंचं चित्र होतं, छापील मजकुराला आणि ओसीआरला (चित्रातली अक्षरं ओळखणं, ते पुढे येतंच) तेवढं भरपूर. ६०० फक्त बारीक शिक्के किंवा जुन्या फोटोंसाठी. असं रंगीत पान न दाबता ठेवलं तर २६ एमबीच्या आसपास जातं, म्हणून दाबणं आलंच. पण अति दाबू नका. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं की काही ऑफिसातली कॉपी-स्कॅन यंत्रं पानावरचे आकडेच बदलत आहेत. इमारतीच्या नकाशात एका खोलीचं क्षेत्रफळ दुसऱ्या खोलीत गेलं होतं, दुसऱ्या तक्त्यांत ६ चे ८ झाले होते. कारण जेबिग-२ नावाची दाबण्याची पद्धत, जी सारखे दिसणारे आकार एकच समजून एकाच्या जागी दुसरा चिकटवते. अक्षर धूसर झालं तर निदान कळतं तरी. इथे चुकीचा आकडा स्वच्छ, ठसठशीत दिसतो. आकड्यांचे कागद स्कॅन केले की मूळ कागद शेजारी धरून एकदा वाचा.

ओसीआर म्हणजे काय? मराठीत चालतं का?

चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर तयार करणं म्हणजे ओसीआर. चांगली सोय म्हणजे पान जसंच्या तसं दिसतं आणि ओळखलेला मजकूर त्याच्यामागे अदृश्य थर म्हणून पीडीएफमध्ये बसतो. मग शोध आतपर्यंत पोचतो.

मराठीत चालतं. टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅम ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ च्या दरम्यान घडला, २००५ मध्ये सगळ्यांना खुला झाला आणि आज त्यात मराठी स्वतंत्रपणे निवडता येते. देवनागरीत शिरोरेखेने शब्दाची अक्षरं एकमेकांना जोडलेली, मात्रा वर-खाली आणि जोडाक्षरं भरमसाट, त्यामुळे रोमनपेक्षा चुका जास्त होतात. स्वच्छ छपाई असेल तर निकाल समाधानकारक असतो. शिक्क्याखाली गेलेला मजकूर, घाईची हस्ताक्षरं, तिसऱ्या पिढीची झेरॉक्स, यांच्याकडून फार आशा ठेवू नका. कागदावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतील तर दोन्ही भाषा निवडा. एकच निवडली तर दुसरीचा चिवडा होतो.

म्हणूनच नावावर इतका जोर दिला. ओसीआर चुकलं तरी नाव सापडतं.

पीडीएफ की जेपेग?

कागदपत्रांना पीडीएफ. १९९३ साली अडोबीने आणलेली ही पद्धत २००८ पासून खुलं आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणजे एका कंपनीच्या मर्जीवर तिचं आयुष्य नाही. दीर्घकाळ जपायच्या कागदांना पीडीएफ-ए हा प्रकार निवडता आला तर उत्तम, त्यात फॉन्टही फाइलीतच बसवलेले असतात आणि मराठीला त्याची गरज जास्त आहे. जेपेग फोटोंना. दर वेळी बदल करून पुन्हा जतन केली की तिचा दर्जा थोडा घसरतो.

डिजिटल सही असलेली पीडीएफ छापून पुन्हा स्कॅन केली तर?

सही गेली. राहिलं ते सहीचं चित्र. मूळ फाइल पुन्हा जतन न करता जशी आली तशी ठेवा.

टॅग वापरावेत का?

मी सोडून दिले. टॅग बहुधा फाइलच्या आत नसतो, त्या यंत्रणेच्या वहीत असतो. फाइल ईमेलने किंवा पेनड्राइव्हने दुसरीकडे गेली की टॅग मागे राहतो. नावातला शब्द फाइलबरोबर जातो.

खास दस्तऐवजांसाठीचं सॉफ्टवेअर घ्यावं का?

आधी साध्या फोल्डरांत सहा महिने काढा. त्यानंतरही कागद शेकड्यांनी येत असतील तर पेपरलेस-एनजीएक्ससारखं मुक्त सॉफ्टवेअर बघण्यासारखं आहे. ते ओसीआर करतं, कागद कुणाकडून आला हे ओळखायचा प्रयत्न करतं आणि मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवतं. पण ते घरी चालवायला थोडी तांत्रिक खटपट लागते.

कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात दहा कागद टाका आणि लगेच बाहेर काढून बघा. साध्या पीडीएफ, ओळखू येतील अशा नावांनी बाहेर आल्या तर पुढे जा. आत जायला दहा दारं आणि बाहेर पडायला एक खिडकीही नसलेले प्रोग्रॅम मी दोनदा वापरले आहेत, दुसऱ्यांदा तर स्वतःच्या हौसेने.

सगळं क्लाउडवर आहे. मग बॅकअप वेगळा कशाला?

कारण सिंक म्हणजे बॅकअप नाही. सिंकचं काम दोन्हीकडे सारखं ठेवणं. इकडे खोडलं की तिकडेही खोडणं हे त्याच्या दृष्टीने चोख काम. मी एकदा लॅपटॉपवर जागा करायला म्हणून एक जुना फोल्डर उडवला. दोन मिनिटांत तो क्लाउडवरून आणि फोनवरूनही इमानेइतबारे उडाला. कचरापेटी रिकामी करायची सवय चांगली समजून मी तीही रिकामी केली. त्यातल्या काही फाइली शेवटी बहिणीच्या जुन्या मेलमध्ये सापडल्या, बाकी गेल्या त्या गेल्याच.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम घरालाही पुरतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. संगणकावर एक, बाहेरच्या हार्डडिस्कवर एक, क्लाउडवर एक, झालं. डिस्क कायम जोडून ठेवू नका. खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, वर्षानुवर्षं जपणुकीला नाही.

आणि वर्षातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल खरोखर उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

सुरक्षिततेचं काय? ओळखीचे कागद चोरीला गेले तर?

संगणकाची पूर्ण डिस्क कूटबद्ध करा, म्हणजे किल्लीशिवाय ती कुणाला वाचता येणार नाही. विंडोजच्या बऱ्याच आवृत्त्यांत बिटलॉकर आणि मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट आधीपासून असतं, फक्त चालू करायचं. पासवर्ड विसरला तर लागणारी त्याची किल्ली (रिकव्हरी की) कागदावर लिहून दुसरीकडे ठेवा. त्याच संगणकात ठेवली तर किल्ली तिजोरीत आणि तिजोरी बंद. क्लाउडच्या खात्याला दोन टप्प्यांची ओळख लावा, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक खूण मागितली जाईल. पुष्कळदा घोळ चोरीने नाही, आपणच वाटलेल्या लिंकने होतो. "लिंक असलेला कुणीही" या पर्यायाने कधीकाळी दिलेल्या लिंका अजून जिवंत आहेत का, ते बघा.

खाते क्रमांकावर काळी पट्टी ओढून पीडीएफ पाठवली. ठीक आहे ना?

नाही. पट्टी वर बसते, मजकूर खाली तसाच राहतो. पट्टीवरून ओढून कॉपी केलं की बहुधा क्रमांक हातात येतो. पट्टी मारलेल्या पानाचा स्क्रीनशॉट काढून तो पाठवा, किंवा मजकूर खरोखर काढून टाकणारं साधन वापरा.

स्कॅन झाल्यावर मूळ कागद फाडून टाकू का?

बिलं, सूचनापत्रं, जुनी पत्रकं, खुशाल. सही-शिक्क्याचे, नोंदणीचे, मालकीचे कागद कधीच नाही. मूळ प्रत कुठे आहे हे नावात लिहायची सवय लावा: "मूळ लोखंडी कपाटात". स्कॅन सापडला की कागदही सापडतो.

ईमेल आणि व्हॉट्सॲपमध्ये अडकलेल्या कागदांचं काय करू?

ज्या दिवशी आला त्याच दिवशी "आवक"मध्ये उतरवा, नाव द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला कागद दाबून आलेला असतो. पाठवणाऱ्याला "डॉक्युमेंट म्हणून पाठव" सांगा, मग मूळ दर्जा मिळतो.

मला काही झालं तर घरच्यांना हे कसं सापडेल?

एका पानावर लिहा: कोणता संगणक, मुख्य फोल्डर कोणता, बॅकअप कुठे, कुलूप उघडायचं कसं. ते पान कागदावर असू द्या आणि ते कुठे आहे हे दोघांना तोंडी सांगा. गूगलमध्ये २०१३ पासून निष्क्रिय खात्याची सोय आहे: ठरावीक काळ तुम्ही फिरकला नाहीत तर तुम्ही नेमलेल्या माणसाला डेटा मिळतो. ॲपलने अशीच वारसदार नेमण्याची सोय २०२१ च्या शेवटी आणली. हे लावायला दहा मिनिटं लागतात. एक लक्षात घ्या, दोन वर्षं कुणीच न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं, त्यामुळे "क्लाउडवर आहे, राहील" हे कायमचं खरं नाही.

हे सगळं ठीक आहे, पण मला आत्ता एक फाइल सापडत नाहीये!

बरं. घाबरून फोल्डर उघडत सुटू नका. आधी "अलीकडील फाइली" बघा, वर्डमध्ये असेल तर वर्डच्या आतली यादी. मग डाउनलोड फोल्डर तारखेप्रमाणे लावून बघा. तिथे नसेल तर नाव विसरा आणि फक्त प्रकार व काळ सांगून शोधा: पीडीएफ, मागचा मार्च. मग मेलमध्ये "जोडपत्र असलेले" एवढाच निकष लावून पाठवणाऱ्याच्या नावाने शोधा, आणि पाठवलेले मेलही बघा, कारण तो कागद तुम्हीच कुणाला तरी पाठवला असण्याची शक्यता मोठी. मग फोनवरची गॅलरी. मग कचरापेटी, संगणकाची आणि क्लाउडची, दोन्ही. तरीही नाही मिळाली, तर कागद ज्याने दिला त्याच्याकडे दुसरी प्रत मागा, तासभर शोधण्यापेक्षा ते लवकर होतं.

आणि सापडली की बंद करण्याआधी तिचं नाव बदला. आत्ता शोधताना तुम्ही जो शब्द सगळ्यात आधी टाइप केला होता, तोच द्या.